सार्वजनिक वाचनालयाचा कारभार: ठरावापासून दाखल क्रमांकापर्यंत

महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं सरकार चालवत नाही. संस्था गावकऱ्यांची, जागा ग्रामपंचायतीची नाहीतर एखाद्या देणगीदाराची, कारभार निवडून आलेल्या कार्यकारी मंडळाचा आणि खर्चाचा मोठा वाटा शासनाच्या अनुदानाचा, अशी ही रचना आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता. राज्याचा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, आणि मान्यता व अनुदानाचे तपशील १९७० च्या नियमांत आहेत. त्यांनुसार ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. हा लेख ‘ब’ आणि ‘क’ वर्गाच्या वाचनालयांना समोर ठेवून लिहिला आहे: पाच ते पंधरा हजार पुस्तकं, एक-दोन सेवक, आणि संध्याकाळी नोकरीधंदा आटोपून येणारे पदाधिकारी.

अशा ठिकाणी कारभार बिघडतो तो बहुधा एकाच जागी. सभेत झालेला ठराव, त्यावर दिलेले पैसे आणि कपाटातलं पुस्तक ही साखळी मधेच कुठेतरी तुटते. ती जोडलेली ठेवली तर तपासणी, लेखापरीक्षण आणि मंडळातले वाद या तिन्हींचा त्रास निम्म्याहून कमी होतो.

मंडळाचं काम कोणतं, ग्रंथपालाचं कोणतं

वाचनालयाची नोंदणी दोन कायद्यांखाली असते: संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. दोन्ही प्रमाणपत्रांच्या आणि संस्थेच्या घटनेच्या साक्षांकित प्रती कार्यालयातच हव्यात, कार्यवाहांच्या घरी नकोत. घटना वर्षातून एकदा तरी सर्व सदस्यांनी वाचावी. सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, गणसंख्या किती, मंडळाची मुदत किती वर्षांची, बँकेत सह्या कोणाच्या, मतदानाचा हक्क कोणत्या सभासदाला, या पाच प्रश्नांची उत्तरं तिच्यात असतात आणि भांडणं नेमकी याच पाचांवरून होतात.

मंडळाने धोरण ठरवावं: अंदाजपत्रक, वर्गणी व अनामतीचे दर, सेवकांची नेमणूक, वाचनालयाची वेळ, पुस्तकं बाद करण्यास मंजुरी. ग्रंथपालाने रोजचं वाचनालय चालवावं: खरेदीची यादी सुचवणं, दाखल करणं (प्रत्येक प्रत नोंदवहीत घेऊन तिला क्रमांक देणं), वर्गीकरण, देवघेव, वसुली, आकडेवारी. अध्यक्षांच्या चिठ्ठीवर सभासद नसलेल्याला पुस्तक देणं किंवा थकबाकीदाराचा दंड तोंडी माफ करणं सुरू झालं की काउंटरवरच्या माणसाचा शब्द कोणी मानत नाही. दंडात सूट द्यायची असेल तर ती सर्वांसाठी, ठरावाने आणि ठरावीक मुदतीपुरती द्यावी.

मंडळाची सभा महिन्यातून एकदा, निदान दोन महिन्यांतून एकदा घ्यावी. विषयपत्रिकेवर चार विषय कायम असावेत: मागील इतिवृत्त वाचून कायम करणं, गेल्या महिन्याचा जमाखर्च मंजूर करणं, ग्रंथपालांचा मासिक अहवाल, आणि थकीत पुस्तकांची यादी. इतिवृत्त बांधीव, पानांना क्रमांक असलेल्या वहीत लिहावं. सुट्या कागदांवर टंकलेखन करून नंतर चिकटवलेल्या इतिवृत्तावर वाद झाला तर ते टिकवणं जड जातं.

ठराव कसा लिहावा हे एका उदाहरणाने पाहू. ‘ग्रंथखरेदी करण्याचे सर्वानुमते ठरले’ या वाक्याचा पुढे काही उपयोग नाही. त्याऐवजी: ‘ठराव क्र. ४. ग्रंथ निवड समितीने शिफारस केलेल्या, सोबत जोडलेल्या यादीतील २६ ग्रंथ निव्वळ रु. ६,५०० पर्यंत खरेदी करावेत. खर्च वेतनेतर अनुदानातून करावा. देयक ग्रंथपालांनी तपासून प्रमाणित केल्यावर धनादेशाने अदा करावे.’ खाली सूचक आणि अनुमोदक. किती, कशातून, कोण तपासणार, कसे देणार, हे सगळं त्यात आलं. हीच २६ पुस्तकं पुढे कपाटापर्यंत नेऊ.

पैसा

परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्यासाठी मिळणारं अनुदान, मान्य खर्चाच्या ९० टक्के असतं. उरलेले १० टक्के संस्थेने स्वतःचे घालायचे. याचा अर्थ अनेक मंडळांना उशिरा कळतो. समजा, तुमच्या वर्गाचं कमाल अनुदान १,८०,००० रुपये आहे. ते पूर्ण मिळायला हिशेबात २,००,००० रुपयांचा मान्य खर्च दिसला पाहिजे आणि वरचे २०,००० वर्गणी-देणगीतून आलेले दिसले पाहिजेत. खर्च १,७०,००० वरच थांबला तर अनुदान १,५३,००० होतं. म्हणून डिसेंबरच्या सभेत खर्चाची बेरीज करून बघावी. मार्चमध्ये बघून उपयोग नसतो. हार, शाल-श्रीफळ, चहापान असला खर्च स्वनिधीतून करावा आणि त्याचं खातं वेगळं ठेवावं.

अनुदान साधारण दोन हप्त्यांत येतं आणि दुसरा हप्ता वर्षअखेरीकडे सरकतो. त्यातला निम्मा भाग वेतनाचा. सेवकांचा पगार आणि वीजबिल तोवर थांबू शकत नाही, म्हणून निदान सहा महिन्यांच्या पगाराएवढा निधी संस्थेने बाजूला राखायला हवा. आधीच तुटपुंजा असलेला ग्रंथालय सेवकांचा पगार ‘अनुदान आलं की देऊ’ म्हणून अडवणं अन्यायाचं आहे, आणि चांगले सेवक सोडून जाण्याचं तेच मोठं कारण असतं.

अनामत हे संस्थेचं उत्पन्न नाही. ती सभासदाला परत करायची रक्कम आहे, म्हणून ताळेबंदात देणी बाजूला दाखवायची आणि बँकेत शक्यतो मुदत ठेवीत वेगळी ठेवायची. कित्येक वाचनालयांत ती वर्गणीत मिसळून खर्च होऊन जाते, आणि एखाद्या वर्षी पन्नास सभासद एकदम सोडून गेले की पंचाईत होते. सभासदवार अनामत नोंदवहीची बेरीज दर ३१ मार्चला ताळेबंदातल्या आकड्याशी जुळलीच पाहिजे.

रोजच्या रोकडीचे नियम साधे ठेवावेत. पावती पुस्तकं छापील क्रमांकाची, आणि कोणतं पुस्तक कोणाला कधी दिलं याची वेगळी नोंद. जमा झालेली रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची. जमेतूनच परस्पर खर्च करायचा नाही. किरकोळ खर्चासाठी ग्रंथपालांकडे ठरावाने ठरवलेली अग्रिम रक्कम द्यावी, ती संपली की व्हाउचरं घेऊन पुन्हा भरून द्यावी. कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) रोज लिहावी आणि महिनाअखेरीस बँकेच्या पासबुकाशी मेळ घालून कोषाध्यक्षांनी सही करावी. लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवं. त्यात विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या नियमांतलं परिशिष्ट ८ हा ताळेबंद आणि परिशिष्ट ९ हे उत्पन्न-खर्चाचं पत्रक असतं.

पुस्तक कपाटात जाईपर्यंत

काउंटरवर वाचकांची मागणी वही उघडी असावी. तिच्यातल्या मागण्या, वर्तमानपत्रांतली परीक्षणं, ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी आणि देवघेवीची आकडेवारी यांवरून ग्रंथपालांनी यादी करावी. तीन ते पाच जणांच्या ग्रंथ निवड समितीने ती तपासावी. समितीत एखादे शिक्षक आणि नियमित वाचणाऱ्या एक-दोन स्त्रिया असाव्यात. गावोगावी सर्वात जास्त पुस्तकं बदलून नेणाऱ्या त्याच असतात, पण निवडीच्या वेळी त्यांना विचारलं जात नाही.

खरेदी वर्षातून तीन-चार वेळा करावी. सगळी खरेदी मार्चमध्ये केली की विक्रेता ‘संच’ देतो: दुकानात पडून राहिलेली पुस्तकं, एकाच लेखकाच्या चार-चार प्रती, भरपूर सवलत. चाळीस टक्के सवलतीत घेतलेलं पण कोणी न नेलेलं पुस्तक महागच पडतं. आपली यादी आधी द्यावी, तिच्यावर किमान तीन दरपत्रकं मागवावीत, आणि यादीबाहेरचं पुस्तक गठ्ठ्यात आलं तर परत पाठवावं.

गठ्ठा आला की शिक्का मारण्याआधी पुस्तकं तपासा. पाठकोऱ्या राहिलेल्या पानांकडे आणि पृष्ठक्रमांकांकडे लक्ष द्या. एखादा सोळा पानी फर्मा (एकत्र छापून शिवलेला पानांचा जुडगा) गळालेला, दुबार लागलेला किंवा उलटा शिवलेला सापडतो. एकदा शिक्का आणि क्रमांक पडला की विक्रेता पुस्तक बदलून देत नाही.

मग दाखल नोंदवही. हे वाचनालयातलं सर्वात महत्त्वाचं दप्तर. एक प्रत, एक ओळ, एक क्रमांक. पाच प्रती असतील तर पाच क्रमांक. रकाने असे: दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक व स्थळ, प्रकाशन वर्ष, आवृत्ती, पृष्ठं, छापील किंमत, निव्वळ किंमत, विक्रेता, बिल क्रमांक व दिनांक, वर्ग क्रमांक, शेरा. आपल्या २६ पुस्तकांना ८४१२ ते ८४३७ हे क्रमांक मिळाले. त्यांची छापील किंमत ८,१२५ रुपये, २० टक्के सवलत वजा जाता ६,५००. नोंदवहीत फक्त छापील किंमत लिहिली तर बेरीज बिलाशी जुळत नाही आणि दरवर्षी लेखापरीक्षकाला तेच समजावत बसावं लागतं, म्हणून दोन वेगळे रकाने. बिलावर ग्रंथपालांनी लिहायचं: ‘यातील २६ ग्रंथ दाखल क्र. ८४१२ ते ८४३७ वर नोंदविले’, खाली सही व तारीख. त्यानंतरच धनादेश.

चुकलं तर एका रेघेने खोडून शेजारी सही करावी, पांढरी शाई वापरू नये. बाद झालेल्या पुस्तकाचा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीही देऊ नये. भेट आलेली पुस्तकंही नोंदवहीतच घ्यावीत, विक्रेत्याच्या रकान्यात ‘भेट’ आणि देणाऱ्याचं नाव लिहावं. मात्र भेटीचं प्रत्येक पुस्तक घेतलंच पाहिजे असं नाही. जुनी पाठ्यपुस्तकं, कालबाह्य कायद्याची पुस्तकं, वाळवी लागलेले गठ्ठे नम्रपणे नाकारावेत, आणि ‘स्वीकारायचं की नाही हे वाचनालय ठरवेल’ असा ठराव आधीच करून ठेवावा, म्हणजे ग्रंथपालाला गावात वाईटपणा येत नाही.

क्रमांक मुखपृष्ठाच्या आतल्या नामपानामागे, शेवटच्या पानावर आणि एका ठरलेल्या गुप्त पानावर लिहावा. गुप्त पान सगळ्या पुस्तकांत एकच असावं. नामपान फाडून नेलं तरी पुस्तक आपलं आहे हे त्यावरून सिद्ध होतं. वर्गीकरण प्रत्येक विषयाला आकडा देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीने: मराठी काव्य ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. वाचनालयातला मोठा भाग या शेवटच्या आकड्याखालीच जातो, म्हणून तिथे लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं लेबलवर घेऊन त्या क्रमाने पुस्तकं लावावीत. लेखक टोपणनावाने प्रसिद्ध असेल तर कोणत्या नावाखाली ठेवायचं हे एकदा ठरवून दुसऱ्या नावाखाली ‘पाहा’ नोंद करावी. नाहीतर एकाच कवीचे दोन संग्रह दोन कपाटांत जातात. लेबल कण्याच्या तळापासून साधारण तीन सेंटिमीटरवर. कवितासंग्रह-एकांकिकांसारख्या बारीक पुस्तकांना कणाच नसतो, त्यांना मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात.

संगणकीकरणासाठी कोहा ही मुक्त प्रणाली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय, हे दोन पर्याय उपलब्ध आहेत. नोंदी युनिकोडमध्येच कराव्यात. जुन्या फाँटांत टाइप केलेल्या याद्या नव्या प्रणालीत निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात आणि शोधल्या तर सापडत नाहीत. आडनाव आधी की नाव आधी, आद्याक्षरांनंतर मोकळी जागा सोडायची की नाही, हे एका कागदावर लिहून संगणकाशेजारी लावावं. माहितीची प्रत दर आठवड्याला दोन ठिकाणी घ्यावी, त्यातलं एक ठिकाण इमारतीबाहेर असावं. आणि संगणक आला तरी कागदी दाखल नोंदवही बंद करू नये.

काउंटर

कार्ड पद्धत वापरत असाल तर पुस्तकातलं कार्ड वाचकाच्या खिसापत्रात (त्याचं नाव असलेल्या खिशासारख्या कार्डात) घालून परतीची तारीख दाखवणाऱ्या कार्डामागे, दाखल क्रमांकाच्या क्रमाने ट्रेमध्ये लावायचं. पुस्तक परत आलं की तारीखपट्टीवरची तारीख पाहून त्याच क्रमांकाचं कार्ड काढायचं, पुस्तकात घालायचं आणि खिसापत्र वाचकाच्या हातात द्यायचं. गर्दीच्या वेळी पुस्तक घेऊन ‘कार्ड नंतर घ्या’ म्हटलं की दोन महिन्यांनी ‘मी पुस्तक परत केलं होतं’ हा वाद ठरलेला. खिसापत्र हीच वाचकाची पोच असते.

मुदत सात ते पंधरा दिवस पुरते. थकबाकीची पायरी ठरलेली असावी: मुदत संपल्यावर आठव्या दिवशी फोन किंवा संदेश, महिन्याने लेखी पत्र, तीन महिन्यांनी अनामतीतून किंमत वळती करून सभासदत्व स्थगित. पण अनामत शंभर रुपये आणि कादंबरी चारशेची, अशी स्थिती असेल तर या शेवटच्या पायरीला अर्थ नाही. अनामत एका वेळी दिल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या सरासरी किमतीएवढी तरी हवी. ज्यांना ती जड जाते त्यांच्यासाठी हप्ते किंवा कमी किमतीच्या पुस्तकांचं कार्ड असा मार्ग ठेवावा; गरीब वाचक अनामतीपायी दारातून परत जाता कामा नये.

दिवाळी अंकांची स्वतंत्र योजना चालवावी. वेगळी वर्गणी, वेगळी अंक नोंदवही, दोन-तीन दिवसांची मुदत आणि ज्यांना मागणी जास्त त्यांच्या दोन प्रती. अंक पहिल्या आठवड्यात जाड पुठ्ठ्यात शिवून घेतले तर हंगाम संपेपर्यंत टिकतात. वर्तमानपत्रांवर रोज सकाळी तारखेचा शिक्का मारावा, रद्दी विकताना वजन, दर आणि पावती नोंदवावी. रद्दीचे पैसे हेही संस्थेचंच उत्पन्न आहे.

स्पर्धा परीक्षेची मुलं आता अनेक वाचनालयांत सर्वाधिक वेळ बसतात. त्यांच्यासाठी जागेला क्रमांक, वेगळं शुल्क, दप्तर ठेवून जागा अडवण्यास मनाई, आणि विजेचा खर्च या शुल्कातून भागतो का याचा दरमहा हिशेब. अभ्यासिका जरूर चालवावी, पण बालविभागाची जागा किंवा वर्तमानपत्रांचं टेबल तिच्यासाठी हटवू नये. सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा आणि शाळा सुटल्यावर येणारी मुलं एकदा तुटली की परत येत नाहीत.

महिन्याची आकडेवारी विषयवार काढावी. कपाटात चरित्रं शंभरात आठ आणि देवघेवीत शंभरात वीस असतील, तर पुढची खरेदी कशाची हे यादीवाल्याला विचारावं लागत नाही.

ओल, कसर, वाळवी

कपाटं भिंतीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे आणि खालचा कप्पा जमिनीपासून तेवढाच वर ठेवावा. मे महिन्यात छत, पन्हळी आणि खिडक्या पाहून घ्याव्यात. पावसाळ्यात खालचे कप्पे आठवड्यातून एकदा हलवून बघावेत, कारण वाळवी भिंतीतून येते आणि पुस्तकाच्या बाहेरून काहीच दिसत नाही. डांबराच्या गोळ्यांनी कसर थोडी लांब राहते. ओल असेल तर त्यांचा उपयोग नाही. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नये. पानांमध्ये कोरे शोषक कागद घालून पंख्याखाली उभं करावं आणि कागद बदलत राहावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो. बांधणीला पुस्तकं यादी करून द्यावीत आणि कडा किती कापायची ते बजावून सांगावं. मजकूर कापला गेलेलं पुस्तक बांधणीनंतर अधिकच निकामी होतं.

पडताळणी आणि बाद करणं

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत २०,००० पर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयांची दरवर्षी पूर्ण आणि २०,००० ते ५०,००० ग्रंथांची तीन वर्षांतून एकदा पडताळणी सांगितली आहे. वर्षभरात हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणं, त्यात अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसेल तर, वाजवी धरलं आहे. हे नियम गावच्या वाचनालयाला थेट लागू नाहीत, पण माप म्हणून उत्तम आहेत. मुक्त प्रवेश असलेल्या, म्हणजे वाचकाला स्वतः कपाटातून पुस्तक काढू देणाऱ्या वाचनालयात दोन पुस्तकं हरवली म्हणून ग्रंथपालाच्या पगारातून कापणारी मंडळं शेवटी कपाटांना कुलपं लावायला भाग पाडतात.

पद्धत सोपी आहे. एका वहीत एक ते शेवटच्या दाखल क्रमांकापर्यंतचे चौकोन आखायचे. एकाने कपाटासमोर उभं राहून क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने चौकोन छेदायचा. उरलेले क्रमांक देवघेवीतली कार्डं, बांधणीची यादी आणि आधी बाद झालेल्यांशी ताडायचे. शेवटी जे उरतील ते गहाळ. दहा हजार पुस्तकांना दोघांना आठवडाभर लागतो. तेवढे दिवस देवघेव बंद ठेवण्याची सूचना आधी लावावी.

२०१२ मध्ये महसूल कर्मचाऱ्यांकरवी राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी झाली तेव्हा कागदावरची आणि कपाटातली संख्या न जुळणाऱ्या ग्रंथालयांची अडचण झाली. म्हणून फाटलेली, कालबाह्य आणि गहाळ पुस्तकं वर्षानुवर्षं नोंदवहीत जिवंत ठेवू नयेत. दाखल क्रमांक, शीर्षक, किंमत आणि कारण यांची यादी करायची, मंडळाचा ठराव घ्यायचा, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना यादी कळवून त्यांच्या सूचनेप्रमाणे पुढे जायचं, नोंदवहीत लाल शाईने ठराव क्रमांक व तारीख लिहायची, पुस्तकावर ‘बाद’ शिक्का मारायचा आणि ताळेबंदातून तेवढी किंमत कमी करायची. ही शेवटची पायरी सर्रास राहून जाते. स्थानिक इतिहास, गावातल्या लेखकांची पुस्तकं आणि दुर्मीळ जुन्या आवृत्त्या मात्र कितीही जीर्ण झाल्या तरी बाद करू नयेत, वेगळ्या कपाटात ठेवाव्यात.

मंडळ बदलताना

निवडणूक झाली की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात (जिथे विश्वस्त व्यवस्थेची नोंदणी असते) विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या नियमांतल्या परिशिष्ट ३ मधला, मंडळ बदलल्याचं कळवणारा बदल अर्ज द्यावा लागतो. सोबत सभेची सूचना, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरी, इतिवृत्ताचा उतारा, नव्या सदस्यांची संमतीपत्रं, आणि कोणी राजीनामा दिला असेल तर तो. सूचना पोचल्याचा पुरावा नसणं ही सर्वाधिक आढळणारी त्रुटी. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं एवढ्यावर विसंबू नये, सह्यांची वही फिरवावी. दोन-तीन निवडणुकांचे अर्ज प्रलंबित राहिले की जुनं मंडळ अधिकृत की नवं, हा पेच बँकेत सह्या बदलताना समोर येतो.

हस्तांतर त्याच आठवड्यात, दोन्ही मंडळांच्या सह्यांच्या यादीवर करावं: इतिवृत्त वह्या, कीर्द-खतावणी, वापरलेली आणि कोरी पावती पुस्तकं क्रमांकासह, धनादेश पुस्तकाचा पहिला शिल्लक क्रमांक, मुदत ठेवीच्या पावत्या, शिक्के, दाखल नोंदवही कोणत्या क्रमांकापर्यंत आली आहे तो क्रमांक, जडवस्तू नोंदवही, संगणक प्रणालीचे व ईमेलचे पासवर्ड, आणि इमारतीच्या किल्ल्या किती व कोणाकडे आहेत त्याची नोंद.